ट्रॅव्हलर मोटरहोममधलं बाथरूम: टाइल्स काढून नेमकं काय बसवावं?

कासारवडवली_कॅम्पर

नमस्कार मंडळी. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली मोटरहोम आहे, सेकंडहँड. मागच्या डाव्या कोपऱ्यात २ × ३ फुटांचं बाथरूम आहे. ज्याने बॉडी बांधली त्याने घरातल्यासारखंच काम केलंय. १२ एमएम प्लाय, त्यावर सिरॅमिक टाइल्स, सांध्यात व्हाइट सिमेंट, चिनीमातीचा कमोड आणि सीपीव्हीसीची (ताठ प्लास्टिकची) पाइपलाइन.

लक्षणं अशी: खालच्या दोन ओळींचं ग्राउट (टाइल्सच्या सांध्यातलं भरण) भुगा होऊन पडतंय. जाळीजवळ पाय ठेवला की फरशी दबते. गाडी उभी असताना दोन-दोन दिवस थेंब नाही, पण घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून एक फेरी झाली की मागच्या चाकाजवळ तपकिरी पाणी ठिबकतं. शिवाय सगळे नळ बंद असताना रात्री पंप मध्येच दोन सेकंद ढुकढुकतो.

काम स्वतः करायचं आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शनिवार-रविवारी. जिगसॉ, ड्रिल, ग्राइंडर आहे. फक्त खालचा भाग बदलून, वर इपॉक्सी ग्राउट भरून भागेल का? नसेल तर ट्रे (शॉवरखालचं, पाणी धरणारं तळाचं भांडं) कशाचा करावा, भिंतींना काय लावावं? कमोड ठेवावा की काढावा? आणि जमल्यास छोटा गॅस गिझर बसवायचा विचार आहे. पावसाळ्याच्या आधी संपवायचंय.

कळंबोली_बॉडीलाइन

ग्राउट खराब झालं म्हणून पाणी गळतंय, हे आधी डोक्यातून काढा. ग्राउटचा भुगा हे नुसतं लक्षण. घराची भिंत जागची हलत नाही, पण गाडीची बॉडी प्रत्येक खड्ड्यात पिळवटते. मागचं एक चाक वर गेलं की फरशी एकीकडे ओढते आणि बाजूचा पत्रा दुसरीकडे. टाइलही ताठ, सिमेंटही ताठ, मग फट सांध्यातच पडणार. उभ्या गाडीत ती फट मिटलेली असते म्हणून तुम्हाला दोन दिवस थेंब दिसत नाही. इपॉक्सी ग्राउट भरलंत तर ग्राउट टिकेल आणि टाइलच प्लायवरून सुटेल.

वजनाचाही हिशोब करा. दार सोडून भिंती साधारण साडेचार चौरस मीटर भरतात. टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून चौरस मीटरला २० किलो, म्हणजे ९० किलो एकाच कोपऱ्यात, तेही मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे. तेवढ्याच जागेला ३ एमएमची एसीपी (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये कोअर म्हणजे प्लास्टिकचा गाभा असलेली शीट) २० किलोच्या आसपास बसते. तेव्हा सगळं काढायचं, अर्धवट नको.

काढताना बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, टाकी रिकामी करा आणि वरच्या ओळीपासून खाली या. ग्राइंडरने टाइल कापत बसू नका, त्या धुळीने अख्खी गाडी भरते. चपटी छिन्नी आणि हातोडी पुरते. डोळ्यांवर गॉगल हवाच. खालचा प्लाय मात्र बाथरूमच्या हद्दीत संपतो असं समजू नका, पाणी प्लायच्या थरांतून आडवं पसरतं. पेचकस टोचत बाहेरच्या बाजूला जा. टोक सहज ५ एमएम आत गेलं तर तो भाग गेला. घट्ट लाकूड लागलं की तिथून आणखी ६ इंच पुढे कापा. ओलावा मीटर मिळालं तर फारच बरं: २० टक्क्यांच्या वर आकडा आला की प्लाय ओला, १२ ते १५ वर आला की त्यावर काम करता येतं.

प्लाय निघाल्यावर खालचा पत्रा दिसेल. सुटा गंज वायर ब्रशने उतरवा, रस्ट कन्व्हर्टर मारा, दुसऱ्या दिवशी दोन हात इपॉक्सी प्रायमर. भोक पडलेलं असेल तर वेल्डिंगचा मोह टाळा. आजूबाजूला वायरिंग, फोम आणि प्लाय असतो, आग कुठून लागली ते कळतही नाही. दीड एमएमचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पॅच पीयू (पॉलियुरेथेन) अ‍ॅडेसिव्ह लावून रिव्हेट करा. आणि खालून अंडरबॉडी कोटिंग सगळ्यात शेवटी. पत्रा ओला असताना ते मारलं तर ओल आतच कोंडते.

पत्र्याला पन्हाळीसारखे खोलगट पट्टे असतात. त्यांत पीव्हीसी फोम बोर्डच्या पट्ट्या कापून पीयूने चिकटवा म्हणजे वरचा प्लाय सगळीकडे टेकेल. तुमची फरशी जाळीजवळ दबते आहे ती आधी याच कारणाने दबली असणार: खाली पोकळी, वर माणसाचं वजन. प्लाय १२ एमएम मरीन, आयएस ७१० चा शिक्का असलेला. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारा) प्लाय किचनच्या कपाटाला ठीक. प्लाय कडेने पाणी पितो, म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रेझिनने बंद करा. ड्रिल मारण्याआधी गाडीखाली जाऊन ब्रेक पाइप, डिझेल लाइन आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने खालच्या बाजूला आखून घ्या.

फायबर_रबाळे

ट्रेबद्दल सांगतो. रेडिमेड शॉवर ट्रे घरासाठी बनलेले असतात आणि २४ × ३६ च्या कोपऱ्यात चाकाच्या कमानीला वळसा घालून बसणारा तयार मिळणं अवघड. जागेवरच फायबर (काचेच्या धाग्यांचे आणि रेझिनचे थर) मारा. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत लाकडी होड्यांना फायबर मारतात तेच काम आहे हे, फक्त आतून.

पण एक गोष्ट आधी पक्की करा. पाणी अडवायचं काम सीलंटचं नाही, ट्रेचं आहे. ट्रेची कड चारही बाजूंनी किमान १०० एमएम वर चढली पाहिजे आणि भिंतीचा पत्रा त्या कडेच्या पुढून ४० एमएम खाली उतरला पाहिजे, कौलावर कौल चढतं तसं. मग वरचं सीलंट उद्या फाटलं तरी पाणी ट्रेमध्येच पडेल. भिंत ट्रेच्या वर टेकवून कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ ओढणं हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक, आणि ती एका पावसाळ्यात उघडी पडते.

माल: ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची चटई. तळ ०.५४ चौरस मीटर आणि कडा ०.३०, गोलाई धरून ०.९ पकडा. तीन थरांना सव्वा किलो मॅट लागतो, दीड किलो आणा. मॅटच्या अडीच पट रेझिन, वाया जाणारं धरून ४ किलो. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर रेझिन मागा, साधं जनरल पर्पज पाण्यात कायम राहिलं की कालांतराने फोड धरतं. जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) अर्धा किलो. कोबाल्ट (रेझिन लवकर कडक करणारं द्रव्य) आधीच घातलेलं रेझिन मिळतं, तेच घ्या. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर म्हणजे एमईकेपी हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गॉगल न घालता बाटली उघडायची नाही.

प्लाय बसवतानाच उतार द्या: ३ फुटांत १५ एमएम. कोपरे काटकोनात ठेवू नका, काटकोनात मॅट बसत नाही आणि मागे हवा राहते. रेझिन आणि टाल्क पावडरची पुट्टी करून बोटाने १५ एमएमची गोलाई काढा. ती कडक झाली की ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून पुसून घ्या.

एका वेळी अर्धा किलोच रेझिन घ्या, त्यात ५ ते ७ एमएल हार्डनर. एप्रिल-मेच्या उन्हात १५ ते २० मिनिटांत मगमधलं रेझिन गरम होऊन त्याची जेली होते, म्हणून सकाळी सातला सुरू करा. आधी प्लायवर नुसत्या रेझिनचा हात. तो चिकट झाला की मॅट ठेवायचा आणि ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. ओढलात तर धागे ब्रशला येतात. कोरडा मॅट पांढरा दिसतो. रेझिन आत शिरत गेलं की तो हळूहळू पारदर्शक होतो आणि खालच्या प्लायची रेषा दिसायला लागते. कुठे पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा आहे. लोखंडी चरे असलेला रोलर मधून बाहेरच्या दिशेला फिरवून ती काढा. तिन्ही थर लागोपाठ मारले तर एकजीव होतात. रात्रभर मध्ये गेली तर पुढच्या थराआधी घासणं आलं.

शेवटचा जेलकोट वरून मारताना त्यात वॅक्स सोल्यूशन हवंच. हवा लागते तिथे पॉलिएस्टर पूर्ण सुकत नाही, वरचा थर महिनाभर चिकट राहतो. दुसऱ्या दिवशी नख घासून बघा, ओरखडा उठला नाही तर झालं. जूननंतर हे काम करू नका. हवेतल्या ओलीने मॅट ओलावतो आणि लॅमिनेट दुधाळ होतं. आणि रेझिन थर्माकोल किंवा एक्सपीएस इन्सुलेशनवर सांडू देऊ नका, त्याने ते इन्सुलेशनच विरघळतं.

कासारवडवली_कॅम्पर

दादा, फार उपयोगी. दोन शंका. सोसायटीत वासाची तक्रार येईल का? आणि एसीपीला कोपऱ्यात सांधा येणार, तिथे तोच प्रश्न पुन्हा उभा राहणार ना?

फायबर_रबाळे

तक्रार नक्की येईल, कारण तो वास स्टायरीनचा आणि चांगलाच उग्र. बंद पार्किंगमध्ये तर करूच नका, तुम्हालाही गरगरेल. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या, कापडी मास्कने काही होत नाही. दोन सकाळींचं काम आहे. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीत एखाद्याच्या शेडसमोर गाडी लावता आली तर ते बरं. ते शक्य नसेल तर इपॉक्सी रेझिन वापरा: वास बराच कमी, लाकडाला जास्त घट्ट धरतं, पण महाग. आणि त्यासोबत मॅट साधा चालत नाही. साध्या मॅटचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ) स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत तो ताठच राहतो. विणलेलं ग्लास कापड घ्या.

एसीपीच्या कोपऱ्यात सांधा येऊच देऊ नका. ८ × ४ ची शीट आडवी वापरून मागच्या बाजूने राउटरने व्ही आकाराची खाच मारा. पुढचा पत्रा आणि त्यामागे कोअरचा अगदी पातळ थर ठेवायचा, मग शीट हाताने ९० अंशांत वळते. तिन्ही भिंती एका वळलेल्या शीटमध्ये येतात, ओल्या कोपऱ्यात सांधा शून्य. साइनबोर्ड करणारे हेच रोज करतात, ज्यांच्याकडे राउटर आहे त्यांच्याकडून खाच मारून आणलीत तरी चालेल. फायर रिटार्डंट कोअरची शीट मागा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं. २ मीटर लांबी उन्हात ४० अंशांनी तापली तर जवळजवळ २ एमएम, म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवा आणि कडेला ३ एमएम फट सोडून पीयू भरा.

सिलिकॉन वापरायचंच तर न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा वास येतो ते अ‍ॅसिटिक, पत्र्याला गंज आणतं. आणि जिथे एकदा सिलिकॉन लागलं तिथे पीयू, रंग, नवं सिलिकॉन काहीही नीट धरत नाही. जुनं काढताना ब्लेडने खरवडून शेवटची तेलकट झिल्लीसुद्धा निघेपर्यंत थांबू नका.

ठाणे_१२व्होल्ट

पंपाचं आणि गिझरचं बोलतो.

गॅस गिझर नको. बाथरूममध्ये नको आणि दाराबाहेर गाडीच्या आतही नको. २ × ३ फुटांच्या खोलीत बर्नर पेटला की ऑक्सिजन भराभर संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसतं गरगरल्यासारखं होतं आणि कडी उघडायची ताकद राहत नाही. घरातल्या बाथरूममध्ये याने माणसं गेलेली आहेत, मोटरहोम तर त्याहून बंदिस्त.

पर्याय बघा. अंघोळीला १० लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला सुमारे १७५ वॉट-तास लागतात. ५०० वॉटचा एलिमेंट २०-२५ मिनिटांत हे करतो आणि इन्व्हर्टरमधून बॅटरीवर ४७ अँपिअरच्या आसपास भार पडतो. १०० अँपिअर-तासाच्या लिथियमला हे सहज झेपतं. उलट २ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर १२ व्होल्टवर १९० अँपिअर मागेल, केबल आणि फ्यूज दोन्ही तापतील. इन्सुलेट केलेली १० लिटरची स्टोरेज टाकी, कमी वॉटचा एलिमेंट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, एवढंच करा. ठाणे-कोकणात फिरणार असाल तर वर्षातले नऊ महिने याचीही गरज नाही. बाहेरून २३० व्होल्ट घेत असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजे, आणि बाथरूमच्या आत २३० चा एकही पॉइंट किंवा स्विच नको.

रात्रीची ढुकढुक: दाब कुठेतरी उतरतोय. पंपाच्या लगेच पुढे एक बॉल व्हॉल्व्ह लावा आणि रात्री बंद करा. तरीही पंप वाजला तर त्याचाच चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी झडप) गळतोय, पाणी टाकीत परत जातंय. वाजायचा थांबला तर गळती पुढच्या लाइनमध्ये आहे. पैज लावतो, सीपीव्हीसीच्या एखाद्या एल्बोत केसाएवढी चीर असेल. सॉल्व्हंटने चिकटवलेला सांधा ताठ असतो, गाडीच्या थरथरीने तिथेच तडकतो.

त्याऐवजी १२१६ कॉम्पोझिट पाइप (आत १२, बाहेर १६ एमएम; प्लास्टिकच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम) वापरा, पितळी फिटिंगसह. एका सलग तुकड्यात वळवून न्या, भिंतीमागे एकही सांधा नको. पाइप काटकोनात कापा आणि तोंड रीमरने गोल करा, नाहीतर आत ढकलताना ओ-रिंग कापली जाते आणि गळती महिन्याभराने दिसते. मिक्सर नळ भिंतीवर बाहेरून बसणारा घ्या, भिंतीत गाडलेला गळायला लागला तर कळतच नाही.

पंप १२ व्होल्टचा डायफ्रॅम, ३५-४० पीएसआय दाबाचा, मिनिटाला १० लिटरच्या आसपासचा. आरओ फिल्टरचा बूस्टर पंप स्वस्त दिसतो म्हणून लावू नका. तो बहुधा २४ व्होल्टचा असतो आणि त्याचा प्रवाह शॉवरला पुरत नाही. आत येणाऱ्या बाजूला गाळणी, दोन्ही बाजूंना फूटभर लवचीक नळी आणि पंपाखाली रबर. दाब साठवून ठेवणारा १ लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर लावलात तर नळ बारीक उघडल्यावरची धडधडही थांबेल. वायर: पंप ७ अँपिअर खेचतो, बॅटरीपासून ५ मीटर अंतर असेल तर २.५ चौरस एमएममध्ये अर्धा व्होल्ट पडतो, ४ मध्ये ०.३. म्हणून ४ घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला, पंपाच्या नव्हे. मुंबईच्या लोहार चाळीत टिनचा मुलामा दिलेली तांब्याची केबल विचारा, खाडीच्या खाऱ्या हवेत साधं तांबं टोकांपासून हिरवं पडत जातं.

पामबीच_व्हॅनलाइफ

कमोड काढाच. चिनीमातीचं भांडं २० किलोच्या घरात, फ्लशला दरवेळी ३ ते ६ लिटर. ६० लिटरची टाकी दहा ते वीस वेळांत संपते. आणि त्याच्या ट्रॅपमधलं पाणी वळणावर उसळून जातं, मग वास आत येतो. पोर्टा पॉटी पद्धतीचं सुटं टॉयलेट घ्या. २१ लिटरच्या टाकीचं मॉडेल दोन माणसांना दोन-तीन दिवस जातं. ट्रेला भोक न पाडता बसवायचं असेल तर त्याचा ब्रॅकेट भिंतीच्या फ्रेमला बांधा. बाहेरून खण काढायच्या कॅसेट टॉयलेटला बॉडीचा पत्रा कापावा लागतो, त्याचं पुढे कोणीतरी सांगेलच.

सरकत्या झडपेचं रबर हाच त्यातला नाजूक भाग. व्हॅसलीन किंवा साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, सिलिकॉन स्प्रे लावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर झडप उघडी ठेवा, बंद ठेवली तर रबर चिकटतं आणि पुढच्या वेळी ओढताना फाटतं.

रिकामी करायची ती घरच्या किंवा सार्वजनिक शौचालयाच्या भांड्यातच, हळूहळू. फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल सेप्टिक टँकचे जिवाणू मारतं, बायो प्रकारचं घ्या. नाल्यात ओतू नका, अगदी रात्रीही. आपल्याकडचे बरेचसे नाले ठाणे खाडीत जातात. २०१५ साली तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ पासून ती रामसर यादीत आहे. त्या चिखलात आपली घाण जाता कामा नये.

आता सांडपाणी. ट्रेला दोन ड्रेन ठेवा, समोरासमोरच्या टोकांना. गाडी कधीच सपाट उभी नसते, एक ड्रेन असला की अर्ध्या वेळी पाणी दुसऱ्याच कोपऱ्यात साचतं. ४० एमएम पाइप, मीटरला २५ एमएम उतार. पाण्याचा पी-ट्रॅप (वास अडवायला वळणात पाणी साठवणारा) न लावता सिलिकॉनच्या पडद्याचा एकतर्फी ट्रॅप लावा. झुरळं येऊ नयेत म्हणून फ्लोअर ट्रॅपमध्ये बसवायला मिळतो तोच. केस अडकले की पडदा उघडा राहतो, म्हणून हाताने बाहेर काढता आला पाहिजे. खालची टाकी सायलेन्सरपासून लांब, आणि तिला हवेची नळी हवीच. ती नसेल तर ट्रेमधलं पाणी गुडगुड करत अडून बसतं.

छतावर १४ × १४ इंचांचा १२ व्होल्ट पंखा बाहेर हवा फेकणारा, आणि दाराखाली इंचभर फट. फट नसेल तर पंखा नुसता फिरतो, हवा येणार कुठून? जुलैत इथली हवा स्वतःच ओली असते, अंघोळीनंतर भिंती वायपरने पुसून मग अर्धा तास पंखा चालू ठेवला तरच बुरशी धरत नाही.

कळंबोली_बॉडीलाइन

पत्रा कापण्याचं: मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या फेरफारांवर बंधनं आहेत, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आतला ट्रे आणि भिंती बदलणं ही दुरुस्ती. पण बॉडीला नवं दार पाडायचं असेल तर कापण्याआधी ठाणे आरटीओत विचारा, कापल्यानंतर नाही. चॅसिसच्या मेंबरला तर ड्रिलही लावू नका. काम झाल्यावर टाक्या भरून वजनकाट्यावर गाडी घाला आणि आरसीवरच्या एकूण वजनाशी ताडून बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे बरेच जण धरतच नाहीत.

भिंती लावण्याआधी ट्रे तपासा, नंतर नाही. दोन्ही ड्रेन बंद करून २५ एमएम पाणी भरा, त्यात खायचा लाल रंग टाका, पातळीला मार्करने खूण करा आणि २४ तास ठेवा. खाली वर्तमानपत्रं पसरा. पाण्याचा थेंब सुकून जातो, लाल डाग राहतो. खूण उतरली नाही तर पाणी काढून गाडी अर्धा तास खड्ड्यांतून फिरवा आणि पुन्हा भरा. उभ्या गाडीतली परीक्षा ही अर्धीच परीक्षा, तुमची जुनी फरशीही उभ्या गाडीत पास होत होती.

दुसऱ्यांदा पास झाला की एसीपी आणि शेवटी पीयू. पीयू हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, २४ तासांत साधारण ३ एमएम. तुमची रेघ ८ एमएम जाड असेल तर वरून कोरडी वाटली तरी तीन दिवस शॉवर चालू करू नका.